सणात लेकरांच्या वाट्याला येणारी कामे : विदर्भातील गावांमधून आलेले अनुभव

सणांविषयी लिहायला घेतले की लेखणी पुरणपोळीवर घसरते, आणि मुले त्या वर्णनात नवे कपडे घालून उभी असलेली तेवढी दिसतात. प्रत्यक्षात विदर्भातील खेड्यांमध्ये सणाचे कितीतरी काम मुलांवाचून अडते. होळीच्या शेणाच्या चाकोल्या मुले थापतात, भुलाबाईचा खाऊ मुली लपवून नेतात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री नाटकाची जागा पोरेच धरून ठेवतात. म्हणून अनुभव मागवताना एकच प्रश्न ठेवला आहे: आपल्या घरच्या सणात मुलांकडे नेमके कोणते काम असते, ते त्यांना कोण शिकवते, आणि शेती, शाळा व घर बदलल्यावर त्या कामाचे काय झाले? केवळ जुन्या काळाविषयी न लिहिता आजच्या घरात काय चालते तेही लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

सेलू तालुका, वर्धा. शेतकरी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकले जातात. त्यानंतर "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचे असते आणि हे काम घरातल्या सर्वांत लहान बोलत्या मुलाचे असते. मोठ्या माणसाने सांगितलेले बैल ऐकत नाही, असे माझे आजोबा म्हणत. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड लावणे, घुंगरमाळा चिंचेच्या पाण्याने घासणे, झुलीला सुटलेले टाके घालणे ही कामे मुलांकडे येत असत, आणि वर्षभर बैलाच्या जवळ जायला भिणारे पोरही त्या दिवशी त्याच्या कपाळावर हात ठेवण्याइतके धीट होत असे.

आता आमच्याकडे बैलजोडी नाही. नांगरणी आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, डवरणीपुरती (उभ्या पिकातले तण काढण्यापुरती) जोडी शेजाऱ्याची येते. त्यामुळे आमच्या मुलांचा खरा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा तान्हा पोळा झाला आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगितले जाते, आणि आमच्याच तालुक्यातील सिंदी रेल्वे येथे माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात, ते पाहायला दूरदूरची माणसे येतात. घरातला नंदी मात्र हातभर उंचीचा, सागाचा, चार चाकांचा असतो. आमचा नंदी माझ्या वडिलांच्या लहानपणी गावच्या सुताराने केलेला आहे. त्याची चाके दरवर्षी अडतात, म्हणून पोळ्याच्या आधीच्या रविवारी मुलगा आणि मुलगी मिळून ती काढतात, आसाला तेल देतात, रंगाचा हात मारतात. हे काम मी त्यांच्यासाठी करत नाही. तोरणाखालून नंदी ओढत नेल्यावर ते घरोघरी जातात, घरची बाई नंदीचे पाय धुऊन त्याला ओवाळते आणि मुलांच्या हातावर बोजारा (खाऊ किंवा पैसे) ठेवते.

अलीकडे गावोगावी सजावटीच्या स्पर्धा होतात आणि बक्षीस म्हणून सायकली मिळतात. त्याला माझा विरोध नाही, परंतु बक्षिसापायी शहरातून भाड्याने मोठा नंदी आणून, वडिलांनीच रात्रभर तो सजवून, मुलाला केवळ दोरी धरायला उभे करण्याचा प्रकार वाढला आहे, आणि तो मला पटत नाही.

दारव्हा तालुका, यवतमाळ. अंगणवाडी सेविका

वरील अनुभव वाचला. माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे, होते, त्यामुळे पोळा मी दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. बैल मालकाचे, पण वर्षभर त्यांना चारापाणी करणारे आमचे वडील. म्हणून पोळ्याच्या दिवशी ते धुणे, रंगवणे, सजवणे हे सारे आम्हा भावंडांकडे येत असे, आणि मालकाची मुले ओसरीवरून पाहत असत. तोरणाखाली बैल धरून वडीलच उभे राहत. पूजा झाल्यावर मालकाच्या घरी जेवण आणि वडिलांना नवे धोतर मिळे. बैलांची नावे आणि खोड्या आम्हाला ठाऊक होत्या, आणि त्या दिवसापुरते ते बैल आमचे आहेत असे आम्ही मनात धरून चालत होतो.

तान्ह्या पोळ्याला मात्र आमच्याकडे लाकडी नंदी नसे. नाल्याकाठची काळी माती मळून आम्ही बैल करत होतो, डोळ्यांच्या जागी गुंजा लावत होतो आणि पाटावर ठेवून तो पाट दोघे मिळून उचलून नेत होतो. बोजारा गोळा करताना कोणत्या दारात नंदीला रुपया आणि कोणत्या मातीच्या बैलाला चिमूटभर साखर, हे लेकरांना लगेच कळते. त्यामुळे आता माझ्या अंगणवाडीत मी सर्वांनाच मातीचे बैल करायला लावते, ज्यांच्या घरी सागाचे आहेत त्यांनाही. पालकांपैकी काहींना हे आवडत नाही. मातीच्या कपड्यांची तक्रार माझ्यापर्यंत येते, आणि ती मी ऐकून घेते.

दर्यापूर तालुका, अमरावती. प्राथमिक शिक्षिका

आमच्या भागात मुलींचा सण भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती कोनाड्यात बसतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुली एकेका घरी जाऊन टाळ्यांवर गाणी म्हणतात. गाण्यांत सासर, माहेर, सासूचे बोलणे, रुसून बसणे हे सारे असते, आणि दुसरी-तिसरीतल्या मुली ते अत्यंत गंभीर चेहऱ्याने गातात. गाणी संपली की खाऊ ओळखण्याचा खेळ सुरू होतो. ज्या घरी भुलाबाई असेल तिथली मुलगी बंद डबा हलवून दाखवते, आवाजावरून बाकीच्यांनी पदार्थ सांगायचा. फुटाणे आणि मुरमुरे लगेच ओळखले जातात, म्हणून हुशार मुली डब्यात मऊ पदार्थ ठेवतात किंवा डब्याला आतून कापड लावतात. ओळखता आले नाही तर त्या घरची मुलगी दुसऱ्या दिवसापर्यंत मिरवते.

या सणाला आता दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. तो ज्या दिवसांत येतो, त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते. आया सकाळी शेतात जातात त्या अंधार पडल्यावर परततात, आणि थकलेल्या बाईला रोज वेगळा खाऊ करायला सांगणे अन्यायाचे आहे. म्हणून आमच्या गल्लीत मुलींनीच पाळी लावली आहे. एका दिवशी एकाच घरचा डबा, तोही मुलींनी स्वतः केलेला. पोह्यांचा चिवडा, गूळ-फल्ली (शेंगदाणे), भिजवलेली मटकी असे पदार्थ त्यांना जमतात, आणि खोबऱ्याची वडी करण्याचा हट्ट धरणाऱ्या एकीने कढई करपवली तेव्हा खाऊ कुणालाच ओळखता आला नाही.

दुसरी अडचण धांड्यांची, म्हणजे ज्वारीच्या ताटांची आहे. कोजागिरीला भुलाबाईसाठी ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी (लहान झोपडी) उभारतात. आमच्या शिवारात पूर्वी ज्वारी सर्वत्र होती. आता सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी (कापूस) आहे, ज्वारी एखाद्याच धुऱ्याला (बांधाला) दिसते. त्यामुळे कोजागिरीच्या आधी मुलींची टोळी पाच धांडे मिळवण्यासाठी शेते पालथी घालते. न मिळाल्यास मक्याचे चालवतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींनी शाळेच्या परसबागेत ज्वारीची एक ओळ पेरण्याची मागणी केली. ती मी मान्य केली, पाखरांनी कणसे साफ केली, पण धांडे शिल्लक राहिले, आणि मुलींना हवे होते तेवढेच होते. वर्गातले मुलगेही गाण्यांना येऊन बसतात. खाऊच्या आशेने येतात हे उघड आहे, तरी गाणी त्यांना पाठ झाली आहेत.

खामगाव तालुका, बुलढाणा. गृहिणी

कोजागिरीचा विषय निघाला म्हणून थोडे लिहिते. त्या दिवशी आमच्याकडे आश्विनी असते, म्हणजे घरातल्या ज्येष्ठ अपत्याला नवे कपडे देऊन ओवाळतात. धाकट्याचे काम तबक धरून उभे राहण्याचे. माझ्या धाकट्या मुलीने पाच वर्षांची असताना विचारले की तिचा दिवस कधी येतो, आणि सासूबाईंसह कोणालाही उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मोठ्याला आम्ही ओवाळतो आणि धाकटीला मोठा ओवाळतो. सासूबाई प्रथम दोन दिवस बोलल्या नाहीत. आता धाकटीसाठी कापड त्याच आणतात.

वरोरा तालुका, चंद्रपूर. ग्रामपंचायत कर्मचारी

आमच्या घरी वर उल्लेखिलेले बहुतेक सण होत नाहीत. आमचा मोठा दिवस अशोक विजयादशमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि १६ ऑक्टोबरला ते चंद्रपूरला आले. माझे आजोबा त्या चंद्रपूरच्या सोहळ्याला पायी गेले होते, त्यामुळे आमच्या घराची ओढ नागपूरइतकीच चंद्रपूरकडे आहे.

मुलांची कामे ठरलेली आहेत. आदल्या आठवड्यात विहाराला चुना लावणे, निळ्या आणि पंचरंगी पताका दोरीला चिकटवणे, पांढरे कपडे धुऊन वाळवणे. बावीस प्रतिज्ञा म्हणताना पुढे उभे राहण्याचा मान ज्याला त्या पाठ असतील त्याला मिळतो, वयावरून नाही, आणि त्यामुळे घराघरांतून संध्याकाळी पाठांतर ऐकू येते. सोहळ्याच्या मैदानावर पुस्तकांची दुकाने लागतात. प्रत्येक मुलाला पैसे देऊन पुस्तक स्वतः निवडू द्यायचे, असा आमच्या आईचा नियम आहे. मुले खेळण्यांच्या गाडीकडे पाहतात, हे ती पाहून न पाहिल्यासारखे करते. माझ्या मुलाने मागच्या खेपेला क्रिकेटचे पुस्तक घेतले. माझा चेहरा पाहून आई म्हणाली, "पुस्तकच आहे ना?" एवढ्यावर तो विषय संपला. परतीच्या गर्दीत लहानांचा हात मोठ्या भावंडांनी धरायचा, आणि प्रत्येकाच्या खिशात गावाचे नाव व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. नव्याने जाणाऱ्या कुटुंबांनी ही चिठ्ठी विसरू नये.

साकोली तालुका, भंडारा. धान उत्पादक

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) मुलांची दिवाळी फटाक्यांवर संपत नाही, ती तिथे सुरू होते. भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडईचा हंगाम लागतो. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना एका मंडईतून दुसऱ्या मंडईत जाता येते. दिवसा दुकाने, पाळणे आणि दंडार (लोकनाट्य), रात्री मंडपात नाटक, जे पहाटेपर्यंत चालते. नाटक मंडळ्या बहुधा वडसा देसाईगंजहून येतात.

मंडईच्या दिवशी आमच्या घरी सोयरे किती येतील याचा अंदाज कोणालाच नसतो. मुलांनी सकाळपासून पाणी भरायचे, पडवीत तणीस (धानाचा पेंढा) पसरून त्यावर सतरंज्या टाकायच्या, आणि दुपार कलताच मंडपात जाऊन घरच्यांसाठी जागा धरायची. हे शेवटचे काम दिसते तितके सोपे नाही. चटई टाकून निघून गेलेल्या मुलाची चटई तासाभरात गुंडाळलेली सापडते. तिथे बसून राहावे लागते, शेजारच्या गावच्या पोरांशी हद्दीवरून बोलणी करावी लागतात, आणि आळीपाळीने एकेकाला भजी खायला सोडावे लागते. माझ्या पुतण्याला शाळेत तोंड उघडता येत नाही अशी तक्रार होती. मंडईत त्याने बारा माणसांची जागा राखली, आणि वाद घालायला आलेल्या मिशीवाल्या गृहस्थांना मागे बसवले.

हलका (लवकर पिकणारा) धान या सुमारास कापून झालेला असतो, भारी (उशिरा पिकणारा) धान बांधीत, म्हणजे शेतात उभा असतो. त्यामुळे रात्रभर नाटक पाहून सकाळी मोठी माणसे विळा घेऊन निघतात आणि मुले झोपतात. नाटकात अलीकडे घातलेली काही नाचगाणी मुलांसमोर पाहताना अवघड वाटते, याबद्दल आमच्या गावात समितीशी दरवर्षी बोलणे होते आणि दरवर्षी अर्धेच ऐकले जाते.

रिसोड तालुका, वाशीम. सध्या नोकरीनिमित्त बाहेरगावी

महालक्ष्म्या (गौरी) आणताना ताट वाजवणे हे आमच्याकडे मुलांचे काम आहे. फ्लॅटमध्ये ते केल्यावर खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीला आधीच बोलावून तिच्या हातात चमचा दिला.

काटोल तालुका, नागपूर. शेतकरी व दोन मुलींची आई

होळीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माघ संपत आला की मुली चाकोल्यांच्या मागे लागतात. ताजे शेण थापून, मध्ये बोटाने भोक पाडून, उन्हात वाळवून त्यांच्या माळा ओवायच्या आणि होळीला घालायच्या. गावात ढोरे कमी झाल्याने शेणासाठी गायकीच्या (गुराख्याच्या) मागे फिरावे लागते, आणि दोन गटांतील मुली एकाच गाईमागे धावतात, त्यातून भांडणे होतात. वाळत घातलेल्या चाकोल्या पळवण्याची प्रथाही अद्याप आहे, त्यामुळे राखणदारी ओघाने आलीच. होळीच्या दिवशी मामाकडून साखरेच्या गाठ्या येतात. त्या गळ्यात घालून मुली चाकोल्यांची माळ अर्पण करतात, आणि संध्याकाळपर्यंत गाठीची अर्धी पदके चाखून झालेली असतात.

रंगासाठी आम्ही पळसाची फुले वापरतो. फाल्गुनात पळस बहरलेला असतो, तरी फुले झाडावरून तोडू देत नाही, खाली पडलेली वेचायची. देठ आणि काळे भाग काढून पाकळ्या रात्री मोठ्या गंजात (पातेल्यात) कोमट पाण्यात भिजत घालतो, सकाळी उकळी आणून गाळतो. साधा रंग पिवळसर केशरी येतो, चिमूटभर खायचा चुना घातला तर तो गडद होतो. चुना मोठ्यांनीच घालावा आणि रंग डोळ्यांत जाऊ देऊ नये. सुकवलेली फुले कापडी पिशवीत ठेवली तर पुढच्या वर्षीही चालतात. पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतात, म्हणून त्या दिवशी जुनेच कपडे घालावेत.