मदत हवी आहे: सांगलीत राहून कन्झ्युमर हेल्थकेअरमध्ये डेटा सायन्सची टीम सांभाळता येईल का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची. वडिलांचं मेडिकल आहे, दवाखान्यांच्या गल्लीत. सुट्टीत काउंटरवर बसायचे तेव्हापासून आकड्यांचा नाद लागला. विलिंग्डनला बी.एस्सी., मग शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. पहिली ७ वर्षं बँकेसाठी कर्ज कोण बुडवेल याचे अंदाज बांधले. गेली ४ वर्षं मुंबईच्या एका कन्झ्युमर हेल्थकेअर कंपनीत डेटा सायंटिस्ट आहे. म्हणजे लोक चिठ्ठीशिवाय मागून नेतात तो माल: डोकेदुखीची गोळी, अ‍ॅसिडिटीची पावडर, बाम, घशाच्या गोळ्या, व्हिटॅमिन. काम पहिल्यापासून विश्रामबागेतल्या घरून.

आता आमचे साहेब सोडून चाललेत आणि ६ जणांची टीम मला घे म्हणतायत. अट एकच, ऑफिसला यायचं. घरी सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, धाकटा पहिलीत. पण अडचण तेवढीच असती तर धागा काढला नसता.

खरी भीती वेगळी आहे. गेल्या वर्षी सांगली, सातारा, कोल्हापूरच्या मागणीच्या अंदाजाचं मॉडेल केलं. जुना डेटा २०१८ पासूनचा. मॉडेल दरवर्षी पावसाळ्यात सांगलीची मागणी पाडून दाखवायला लागलं. मुंबईतल्या सहकाऱ्यांना वाटलं इकडचा सीझनच तसा. अहो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये गणपती पेठेत पाणी होतं! दुकानांची शटरं पाण्यात म्हणून विक्री शून्य, लोकांची डोकी दुखायची थांबली म्हणून नव्हे. ते दिवस वेगळे काढले तेव्हा अंदाज ताळ्यावर आला.

तरीही विक्री विभागाने तो वापरलाच नाही. "मॅडम, मॉडेल झकास आहे, पण मला महिना क्लोज करायचाय," म्हणून विक्रीच्या साहेबांनी स्वतःचेच आकडे लावले. मला धड भांडताही आलं नाही. ज्या बाईला एक मॉडेल गळी उतरवता येत नाही, तिने ६ जणांचं पुढारपण करावं का? की आधी एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं? की मुकाट कोड लिहीत बसावं? या क्षेत्रातल्या जाणत्यांनी सांगा.

जुना_चाकरमानी
ताई, वाचताना पोटात गोळा आला, कारण तुमच्या त्या साहेबांच्या बाजूला मी १० वर्षं काढलीत. विक्रीतून अ‍ॅनालिटिक्सकडे आलो, आता टीम सांभाळतो.

मला सांगा, तुमचं मॉडेल नेमकं कुठल्या आकड्यावर शिकलंय? कंपनीतून स्टॉकिस्टकडे (घाऊक व्यापाऱ्याकडे) गेलेला माल, म्हणजे प्रायमरी, की स्टॉकिस्टकडून मेडिकलवाल्याकडे गेलेला, सेकंडरी? प्रायमरीवर असेल तर पूर तुम्ही काढलात, पण महिनाअखेर काढली नाहीत. शेवटच्या आठवड्यात टार्गेटसाठी स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये माल कोंबतात, १० वर १ फ्री वगैरे स्कीम लावून. पुढच्या महिन्याचे पहिले दहा दिवस स्टॉकिस्ट ऑर्डरच देत नाही. मशीन त्यालाच मागणी समजतं. आणि गिऱ्हाईकाने प्रत्यक्ष काय नेलं हे तर कंपनीला दिसतच नाही. ते तुमच्या वडिलांना दिसतं.

दुसरं, माल संपलेला असतानाची शून्य विक्री आणि कुणी मागितलाच नाही म्हणून झालेली शून्य विक्री, दोन्ही एक्सेलमध्ये सारखीच दिसतात. उन्हाळ्यात ओआरएस संपतं तेव्हा हमखास गफलत होते.

आता साहेबांचं. त्यांचा इन्सेंटिव्ह प्रायमरीवर आहे. तुमचा अंदाज खरा मानला तर त्यांनी माल कमी टाकायचा, म्हणजे स्वतःचा बोनस स्वतः कापायचा. कोण करील? अंदाज किती टक्के अचूक हे त्यांना सांगूच नका. कोंबलेल्यातला किती माल एक्सपायरी होऊन परत आला आणि त्याची क्रेडिट नोट (परत मालाचे पैसे वळते केल्याची पावती) कितीची फाडावी लागली, ते रुपयांत मांडा. तेही त्यांच्याकडे नको, फायनान्सकडे न्या. भांडायची गरज पडत नाही.

टीम घेतलीत तर रिकाम्या जागेवर आणखी एक मॉडेलवाला घेऊ नका. डेटा इंजिनियर घ्या. स्टॉकिस्टांच्या फायलींत एकाच बामची नावं सात तऱ्हेने लिहिलेली असतात, त्यात तुमची हुशार पोरं वर्षभर कुजतील.

आणि ते एमबीए राहू द्या हो.

कोडवाला_पक्या
डेटा सायन्स म्हणजे शेवटी एक्सेलच ना? आता एआय करतंय की सगळं. कशाला डोक्याला ताप. (हलके घ्या)

मिरजकर_ताई (धागाकर्ती)
पक्याभाऊ, एआयला गणपती पेठेत पाणी कुठवर आलं होतं ते विचारून बघा आणि इथे टाका की. :)

चाकरमानी काका, मॉडेल प्रायमरीवरच आहे. वाचून अर्धा तास नुसती बसून राहिले. सेकंडरीचा डेटा येतो, पण तालुक्याच्या स्टॉकिस्टांपैकी निम्मे वेळेवर पाठवतच नाहीत.

सुंठ_आणि_वेखंड
मी ड्रग सेफ्टीत आहे, मुंबईत. एका गोष्टीबद्दल या धाग्यावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बँकेतून आलेल्यांना हे ठाऊक नसतं आणि लीड झाल्यावर नेमकं तेच अंगाशी येतं.

तुमची टीम ऑनलाइन रिव्ह्यू वाचून लोकांना काय आवडतं ते शोधत असेलच. त्यात "लावल्यावर अंगावर पुरळ उठलं" असं कुणी लिहिलं असेल तर ते मार्केटिंगच्या नकारात्मक खान्यात टाकून चालत नाही. औषध असेल तर ती दुष्परिणामाची नोंद आहे, आमच्याकडे लगेच यायला हवी. एका टीमने असे रिव्ह्यू कितीतरी महिने नुसते मोजले होते, त्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही.

जाहिरातीचंही तेच. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा वाचा, छोटा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, उंची अशा गोष्टींची यादी आहे, त्यांवर अमुक औषधाने बरं होतं अशी जाहिरात करता येत नाही. तुमचं मॉडेल म्हणालं की "उंची" शब्दावर लोक जास्त क्लिक करतात, तरी तो शब्द वापरता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिरात दाखवायला मनाई आहे. मुरमांच्या क्रीमचं गिऱ्हाईक कोण असतं, विचार करा.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडे औषधांच्या कायद्यात ओटीसी नावाचा वेगळा वर्गच नाही. चिठ्ठी लागणाऱ्या शेड्यूलमध्ये जे नाही ते आपण ओटीसी म्हणतो. तेव्हा कुठला माल कुठे आणि कसा विकता येतो हे नियमवाल्या माणसाला विचारल्याशिवाय गिऱ्हाईकांचे सेगमेंट (गट) पाडू नका. मी तर म्हणेन आठवड्याला एकदा त्यांच्यासोबत चहा घ्या.

विट्याची_लेक
मी आयटीत, दोन वर्षं महिन्यातून दोनदा मुंबईला जातेय. महालक्ष्मीने रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटी. पहिल्यांदा जीव मेटाकुटीला येतो, मग डब्यात झोप लागायला लागते. रोज ऑफिस म्हणाले तर नाही म्हणा. पण सलग ४ दिवस महिन्यातून दोनदा, असं तुम्हीच आधी मांडा. "घरून करू का" असं विचारलंत की "नाही" ऐकावं लागतं. आणि सासूबाईंचं कारण पुढे करू नका, ते पुढच्या बढतीच्या वेळी कुणीतरी काढतं. अनुभव आहे.

जुना_चाकरमानी
विट्याची_लेक यांना +१.

एक राहिलं होतं. गेल्या काही वर्षांत हे क्षेत्र बदललंय. २०२२ मध्ये हेलिऑन ही जीएसकेपासून वेगळी झाली, २०२३ मध्ये केनव्ह्यू जॉन्सन अँड जॉन्सनपासून. आधी ही खाती मोठ्या औषध कंपनीच्या पोटात होती, मान संशोधनाला. आता क्रोसिन, इनो, सेन्सोडाइन विकणाऱ्या कंपनीला त्यांच्यावरच पोट भरायचंय. त्यामुळे डेटाच्या प्रमुखाला पहिला प्रश्न येतो, "जाहिरातीवर घातलेल्या पैशाने किती माल वाढला?" हे मॉडेलमधून सांगण्यापेक्षा एकदा करून दाखवा. साताऱ्यात जाहिरात लावा, सांगलीत लावू नका, दोन्हीकडची सेकंडरी दोन महिने बघा. पूर येणार नाही असा मुहूर्त काढा म्हणजे झालं.

मिरजकर_ताई (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार.

काल दुकानात बसून वडिलांना प्रायमरी-सेकंडरीचं सांगत होते. ते म्हणाले, "महिनाअखेरीला मी ऑर्डर देतच नाही, एक तारखेला तीच स्कीम पुन्हा येते." म्हणजे मी मुंबईकरांना पूर समजावत होते आणि हे घरातलं मलाच ठाऊक नव्हतं! राग आला, हसूही आलं.

हो म्हणायचं ठरवलंय. सलग ४ दिवस दोनदा, असं सोमवारी लिहून पाठवते. एक्सपायरीच्या क्रेडिट नोटांचे तीन वर्षांचे आकडे फायनान्सकडून मागवलेत. एमबीएचा फॉर्म बंद केला.

एक मदत अजून हवी. तासगाव किंवा विट्याकडे कुणाच्या ओळखीचा औषधांचा स्टॉकिस्ट आहे का? त्याच्या डिलिव्हरीच्या गाडीतून दोन दिवस फिरायचंय, कंपनीचं नाव न सांगता. व्यनि (खाजगी निरोप) करा. भडंग माझ्याकडून.