पोर्तोला कॉन्फरन्स आहे, पुढे रजा टाकून फिरता येईल का?

पिंपळगावकर: मंडळी, सप्टेंबरमध्ये कंपनीतर्फे पोर्तोला कॉन्फरन्स आहे, मी नाशिकला द्राक्ष एक्स्पोर्टमध्ये आहे, पोर्तुगालचं काहीच माहीत नाही पण एवढ्या लांब जाऊन नुसता हॉल बघून परत यायचं जिवावर येतंय. पुढे दोन-तीन दिवस रजा टाकली तर व्हिसाला अडचण येते का? आणि बघायचं काय?

गंगापूररोड: अडचण नाही, फक्त लपवू नका. इन्व्हिटेशन कॉन्फरन्सपुरतंच असतं, म्हणून पुढचं हॉटेल बुकिंग जोडा आणि कंपनीच्या लेटरमध्ये रजा मंजूर असल्याचं लिहून घ्या. इन्शुरन्स पूर्ण मुक्कामाचा, किमान ३०,००० युरोचा.

बागायतदार_निफाड: दादा, द्राक्षवाले आहात तर लिस्बनच्या मागे न लागता दोरू नदीच्या खोऱ्यात, द्राक्षबागांच्या भागात जाच! पोर्तोहून तिथल्या पिन्याव गावाची ट्रेन पकडा, साधारण अडीच तास, जाताना उजवीकडची खिडकी घ्या, नदी त्याच बाजूला आहे. उभ्या डोंगरावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा, आपल्यासारखे मांडव नाहीत, आणि सप्टेंबर म्हणजे ऐन तोडणी. पिन्याव स्टेशनच्या भिंतीवर निळ्या टाइल्समध्ये तोडणीचीच चित्रं आहेत, ती नीट बघा. परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.

पिंपळगावकर: भारीच! एचआरकडे आजच लेटर मागतो.