मदत हवी आहे : गरिबांसाठी सरकारने खासगी विमा विकत घ्यावा का?

नमस्कार मंडळी. कमी उत्पन्नाच्या लोकांना आरोग्यविमा कसा द्यावा यावर टिपण लिहितेय आणि एका ठिकाणी अडलेय.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने २०१४ पासून मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेचा) विस्तार वेगळ्या वाटेने केला. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी मेडिकेडच्या पैशातून खासगी पॉलिसी घेतल्या. हप्ता सरकारचा, कार्ड खासगी कंपनीचं.

खासगी कंपन्या डॉक्टरांना मेडिकेडपेक्षा सहसा जास्त दर देतात. त्यामुळे डॉक्टर मिळणं सोपं, पण माणशी खर्च वाढतो. हा जादा खर्च रास्त आहे का, हे कशावरून ठरवायचं?

मला खरी काळजी आहे ती ज्यांची कमाई सतत खाली-वर होते त्यांची. उत्पन्न जरा वाढलं की मेडिकेड सुटतं. खासगी पॉलिसी असेल तर तीच पुढे चालू राहू शकते, डॉक्टरही तेच. मधुमेहासारख्या आजारात हे फार मोलाचं आहे. पण मग हप्त्याचा काही भार त्या माणसावर येतो. हप्ता थकला तर?

स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून विमा सक्तीचा आहे आणि कमी उत्पन्नवाल्यांना हप्त्यात सरकारी मदत मिळते. तिथे थकलेल्या हप्त्यांचं काय करतात? विमा किंवा सार्वजनिक आरोग्यात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.