'राक्षस', 'पिशाच' की नुसता 'जीव'?

नोंदवही : मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाईन' या कादंबरीतील काही उताऱ्यांचा अनुवाद मी सध्या करीत आहे. कथानायक शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन याने मृतांच्या अवयवांतून घडवलेल्या देहधाऱ्याला मूळ पुस्तकात नाव नाही. त्याचा निर्माता त्याला क्रीचर (जीव), रेच (अभागी, नीच), फीन्ड (दुष्टात्मा), डीमन (दैत्य) अशा निरनिराळ्या शब्दांनी संबोधतो आणि मी या सर्वांसाठी 'राक्षस' योजला होता. मसुदा तपासणाऱ्या स्नेह्यांनी सगळीकडे 'पिशाच' करून तो परत पाठवला. शिवाय 'मी तुझा आदम असायला हवा होतो' असे तो बायबलातल्या पहिल्या माणसाचे नाव घेऊन निर्मात्याला सुनावतो आणि स्वतःला 'फॉलन एंजल' म्हणजे स्वर्गातून घसरलेला देवदूत म्हणवतो, तेथे कोणता शब्द वापरावा? जाणकारांनी मत द्यावे.

मुळाक्षर : दोन्ही शब्द वाचकाला भलत्या घरी नेऊन सोडतात. राक्षसाला आपल्याकडे कुळ असते. रावणाला पुलस्त्य आजोबा आहेत, विभीषण भाऊ आहे, शूर्पणखा बहीण आहे आणि मागे रडायला मंदोदरीही आहे. याची तर सारी तक्रारच आपल्याला कोणी नाही ही आहे. पिशाच होण्यासाठी आधी कोणीतरी जगून मरावे लागते. याचे अवयव मेलेल्यांचे असले तरी तो स्वतः कोणाचाही मृतात्मा नाही. म्हणून व्हिक्टरच्या तोंडी शिवी म्हणून 'सैतान' चालेल, निवेदनात मात्र 'जीव' ठेवावा. १८२३ साली या कथेचे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले, तेव्हा भूमिकांच्या यादीत या पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापली होती आणि ती युक्ती खुद्द लेखिकेला आवडली होती.

खारेवारे : 'जीव' हा शब्द फारच मवाळ झाला. आठ फुटी देह, पिवळी कातडी आणि मागे ओळीने पडलेले मुडदे, हे सारे 'बिचारा जीव' म्हणण्यासारखे आहे काय? आमच्या आजीच्या बोलण्यात 'समंध' हा शब्द नेहमी असे, आणि तो 'संबंध' या शब्दावरूनच आला, असे माझे ठाम मत आहे. आल्प्समधल्या हिमनदीवर निर्मात्याला गाठून हा जे मागतो ते दुसरे काय आहे? त्याला एक जोडीदारीण हवी आहे, म्हणजेच संबंध हवा आहे.

पूर्णविराम : व्युत्पत्ती गोड आहे, परंतु समंधही मेलेल्याचाच होतो, त्यामुळे वरचा आक्षेप तसाच उरतो. मला समजत नाही की वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे रुळवलेला 'भस्मासुर' येथे कोणालाच का आठवू नये. आपणच उभे केलेले आपल्यावर उलटले की मराठी माणूस हाच शब्द उच्चारतो. शिवाय कादंबरीभर आग आहे: विजेने ओकवृक्षाच्या चिंध्या होतात, भटक्या भिकाऱ्यांनी मागे सोडलेल्या निखाऱ्यांत हा आनंदाने हात घालतो आणि ओरडतो, पुढे ज्यांच्या शेजारी लपून तो राहिला त्या द लेसी कुटुंबाचे रिकामे घर तो पेटवून देतो, आणि शेवटी स्वतःचीच चिता रचण्याची भाषा करतो. ज्या शब्दात भस्म आहे तो सोडून पंडिती शब्द शोधण्याचा हा सोवळेपणा कशासाठी?

मुळाक्षर : सोवळ्याचा येथे काही प्रश्न नाही. भस्मासुराला वर मिळाला होता आणि तो मिळताच तो देणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला धावला. याला वर तर सोडाच, डोळे उघडताक्षणी बाप खोलीबाहेर पळून गेलेला दिसला. कादंबरीच्या 'आधुनिक प्रॉमिथिअस' या उपशीर्षकातला ग्रीक पुराणकथांमधला प्रॉमिथिअसही केवळ अग्नी चोरणारा नव्हे. ओव्हिडच्या लॅटिन काव्यात तो माती कालवून माणूस घडवतो, आणि मुखपृष्ठावर इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यातून घेतलेल्या ओळींत आदम निर्मात्याला हेच विचारतो की, मला मातीतून घडव असे मी तुला सांगितले होते काय? 'भस्मासुर' म्हटले की आग उरते आणि माती हातची जाते. मराठी बायबलात या मातीच्या माणसाला 'जीवधारी प्राणी' म्हटले आहे, यावरही विचार व्हावा.

ओवीकर : 'प्राणी' सुंदर आहे, दासबोधात तो माणसासाठी सर्रास येतो, पण आजचा वाचक प्राणिसंग्रहालयात पोहोचेल. 'सैतान'ला मात्र माझा विरोध आहे. हा जीव 'पॅराडाइज लॉस्ट' वाचतो आणि म्हणतो की सैतानालाही साथीदार होते, मी एकटा आहे. व्हिक्टरने त्याला सैतान म्हटले तर ही तुलना आधीच खर्ची पडते. 'फॉलन एंजल'साठी 'पतित देवदूत' सहज सुचते, पण आपला पतित पावन होण्याची वाट पाहत असतो, त्याच्यामागे विठ्ठल उभा असतो. मी 'स्वर्गच्युत' सुचवतो. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. आदमाची कथा मराठी ओवीत मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्याआधी अर्धशतक येऊन गेली आहे, तेव्हा या विषयाला मराठी शब्द नाहीत ही सबब कोणी सांगू नये.

पूर्णविराम : 'स्वर्गच्युत' हा शब्द त्या जिवाच्या तोंडी? तो भाषा शिकला ती झोपडीच्या भिंतीतल्या फटीला डोळा लावून.

ओवीकर : फटीतून शिकला म्हणून अडाणी बोलतो असे नाही. त्याने प्लूटार्कची ग्रीक-रोमन थोरांची चरित्रे वाचली आहेत, गटेची वेर्थरवरची कादंबरी वाचली आहे, आणि सबंध कादंबरीत सर्वांत डौलदार वाक्ये त्याचीच आहेत.

खारेवारे : ते असो, मला दुसरीच अडचण दिसते. जंगलातल्या पहिल्या रात्री झाडांमधून 'एक तेजस्वी आकृती' वर येताना तो पाहतो, आणि तळटीप सांगते की तो चंद्र आहे, कारण त्याला त्या वस्तूचे नाव अजून ठाऊक नाही. मराठीत 'आकृती' स्त्रीलिंगी असल्यामुळे वाचकाला एखादी बाईच वर आल्यासारखे वाटेल.

मुळाक्षर : 'तेजाचा गोळा' करा.

खारेवारे : गोळा म्हटले की चंद्र लगेच ओळखू येतो, मग तळटीप कशाला हवी?

पूर्णविराम : मुळात कादंबरीला तळटीप द्यावीच का, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

ओवीकर : लेखिकेने स्वतः दिली आहे, तेव्हा अनुवादकाला ती वगळण्याचा अधिकार कोणी दिला ते आपण सांगावे.