जगाचा शेवट जवळ आला म्हणून आदर्श गाव?

पिंपळपान:
1524 साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे बारा साधू मेक्सिकोत उतरले. येशूचे प्रेषित बारा, म्हणून हेही मुद्दाम बारा. आदल्या वर्षी त्यांच्या वरिष्ठांनी बजावलं होतं, जगाचा दिवस कलला आहे, अकरावा तास आला आहे, म्हणजे शेवटची घटका. सुवार्ता सर्व राष्ट्रांत पोचली की शेवट होईल, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य आणि स्वर्गातून उतरणारं नवं यरुशलेम आहे. मिशनऱ्यांनी वसवलेल्या आदर्श गावांमागे करुणेपेक्षा ही घाई मोठी होती, असं माझं ठाम मत आहे.

जुनी वही:
असहमत. वास्को दे किरोगा घ्या. मेक्सिकोत न्यायाधीश म्हणून आलेला माणूस, पुढे मिचोआकानचा बिशप. 1532 मध्ये त्याने सांता फे वसवलं: दिवसाला सहा तास काम, पीक सामाईक, आजाऱ्यांची सोय. आराखडा थॉमस मोरच्या 1516 च्या 'युटोपिया' या काल्पनिक आदर्श राज्यावरच्या पुस्तकावरून घेतला, हे तो स्वतः लिहून गेलाय. यात प्रलय कुठे आहे? समोर गुलामीत ढकलली जाणारी माणसं होती, त्यांना वाचवायचं होतं. त्याची करुणा तुम्ही एका वाक्यात काढून घेताय, हे पटत नाही.

पिंपळपान:
करुणा नव्हती असं म्हटलेलं नाही. पण किरोगाला तिथे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीसारखी निर्मळ मंडळी पुन्हा उभी करायची होती. ती इथेच उभी राहील, हा विश्वास नुसत्या न्यायबुद्धीतून येत नाही. शिवाय त्याच सुमारास साधू हजारोंनी बाप्तिस्मे देत होते, विधी आखडता घेऊन. तो वेग कशाचा?

शब्दवेडी:
मेक्सिकोपेक्षा मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथल्या इंग्रज वसाहतीतल्या जॉन एलियट या मिशनऱ्याने 1651 मध्ये मूळ रहिवाशांसाठी नॅटिक हे गाव वसवलं आणि बायबलच्या निर्गम पुस्तकातल्याप्रमाणे दहा, पन्नास, शंभर माणसांवर नायक नेमले. राजांची राज्यं मोडून ख्रिस्ताचं राज्य येणार, या आशेने त्याने हीच व्यवस्था इंग्लंडलाही सुचवली. ते पुस्तक 1659 मध्ये छापलं गेलं. 1661 मध्ये वसाहतीच्या न्यायसभेने त्यावर बंदी घातली. म्हणजे मूळ रहिवाशांच्या गावात जे पवित्र, तेच गोऱ्यांच्या राज्यात राजद्रोह! मला हा भेद फार छळतो.

जुनी वही:
एलियटपुरतं मान्य, तिथे प्रलयाची आशा उघड आहे. किरोगावर मी ठाम आहे. पण एलियटने बायबल त्या लोकांच्या भाषेत छापलं, 1663 मध्ये. तेही सांगा.

शब्दवेडी:
सांगते. आणि 1675 मध्ये वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटल्यावर नॅटिकच्या त्याच बायबल वाचणाऱ्यांना बोस्टनच्या बंदरातल्या डिअर बेटावर नेऊन ठेवलं, हेही सांगते. एलियटने विरोध केला, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात कितीतरी जण भुकेने आणि थंडीने गेले.