कोयतीचे पाणी आणि धातूची काच

कोयतीला पाणी पाजणे आणि वितळलेला मिश्रधातू क्षणात गोठवणे ही एकच क्रिया आहे, असे कधी कधी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. राजापुराकडे लोहाराच्या भात्यापाशी पाहिले आहे की, लालबुंद पाते पाण्यात शिरताच चर्र आवाज होतो. त्याच क्षणी मार्टेन्साइट ही पोलादाची कठीण, अर्धस्थिर (तापवल्यास बदलणारी) स्फटिकरचना तयार होते, परंतु पोलाद तेव्हा घनच असते. याउलट १९६० मध्ये धातुशास्त्रज्ञ पोल ड्यूवेझ व सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनचा रस इतक्या वेगाने (सेकंदाला सुमारे १० लाख अंश) निववला की अणूंना स्फटिकात बसायला सवडच मिळाली नाही; ते विस्कळीत अवस्थेतच गोठले. हीच धातूची काच, म्हणजे अस्फटिक धातू. त्यासाठी थर अतिशय पातळ लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली अस्फटिक पट्टी सुमारे २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचीच असते. तीही फार तापवल्यास स्फटिकरूप होते, जसे चुलीत पडलेल्या कोयतीचे पाणी उतरते.