जंगलाची तब्येत झाडांच्या जातींवरून कशी कळते? येऊरवाल्यांनी पण सांगा

खाडीकाठचा:
मंडळी, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. राहतो ऐरोलीत, काम आयटीचं, पण पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात चकरा मारून मारून साग, ऐन, पळस, काटेसावर एवढी झाडं ओळखायला लागलोय. परवा वाचलं की वर्षावन ठणठणीत आहे की आजारी हे बघायला तिथे कुठल्या जातीची किती झाडं आहेत याची वर्षानुवर्षं नोंद ठेवतात. एवढा उपद्व्याप कशाला? सॅटेलाईटवरून हिरवं किती ते दिसतंच की. आणि 50 जातींचं जंगल 40 वाल्यापेक्षा चांगलं, असा सरळ हिशोब नाही का? येऊरला असं काही करता येईल का?

अंजन_पिसा:
सॅटेलाईटला सुबाभळीचं, म्हणजे बाहेरून आणून लावलेल्या एकाच झाडाचं, रान पण हिरवंच दिसतं हो, तिथेच घोडं अडतं.
वर्षावनात मोठं झाड पडलं की खाली ऊन पोचतं आणि त्या उन्हावर टपून बसलेल्या जाती असतात, आपल्या सह्याद्रीत चांदाडा, तिकडे दक्षिण अमेरिकेत सेक्रोपिया. भराभर वाढतात, लाकूड हलकं, आयुष्य थोडं. मधे मधे अशी झाडं असणारच, त्यात वाईट काही नाही, पण जिथे बघावं तिथे चांदाडाच दिसायला लागला तर समजायचं की तोड, रस्ता, वणवा, काहीतरी सतत चालू आहे. आणि गंमत म्हणजे थोडंफार मोडलेल्या जंगलात जातींचा आकडा उलट वाढूही शकतो, कारण जुने अजून उभे असतात आणि नवे उपटसुंभ पण घुसलेले असतात. तुमचा 50 विरुद्ध 40 तिथेच फसतो. किती जाती यापेक्षा कोण आलं आणि कोण गेलं ते बघायचं.
पनामात बारो कोलोरॅडो नावाचं बेट आहे, तिथे 50 हेक्टरच्या तुकड्यात 1 सेंमी जाडीपासूनचं प्रत्येक खोड, म्हणजे 2 लाखांच्या वर, नंबर लावून मोजलंय, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, साधारण दर 5 वर्षांनी पुन्हा. 1983 ला एल निनोमुळे कडक दुष्काळ पडला आणि नंतर ओलावा लागणाऱ्या जाती तिथे घसरत गेल्या. जंगल मात्र होतं तसंच उभं, लांबून काय कळणार कोणाला. आपल्याकडे तामिळनाडूत मुदुमलाईला पण 1988 पासून असाच 50 हेक्टरचा तुकडा आहे, पण ते पानगळीचं जंगल.

रानजायफळ:
वरच्याशी सहमत, पण मी म्हणेन मान खाली घाला. वरची झाडं म्हणजे घरातले आजोबा, त्यांच्या वेळचं जंगल कसं होतं ते सांगतात, पुढचं कळायचं तर पायाशी रोपं कुणाची आहेत ते बघा. धनेश पक्षी संपले की रानजायफळासारख्या मोठ्या बियांना लांब नेणारं कोणी उरत नाही, मग बिया आईच्याच सावलीत पडून सडतात नाहीतर उंदीर खातात. मोठी झाडं मोजलीत तर सगळं आलबेल, रोपं मोजलीत तर पुढची पिढी गायब. नुसती मोठी झाडं मोजून अहवाल लिहिणाऱ्यांचा मला जाम राग येतो.

पाड्यावरचा:
येऊरचं मी सांगतो. पहिली गोष्ट, ते वर्षावन नाहीच, पाऊस भरपूर पण सगळा चार महिन्यांत, बाकी आठ महिने कोरडे, म्हणून पानगळ. चांदाड्याची फूटपट्टी इथे लावू नका. चांगल्या पानगळी जंगलाशी तुलना करायची आणि ऐन, धावडा, हेद, कळम यांची रोपं उगवतायत की खाली नुसतं घाणेरीचं तण माजलंय ते बघायचं. पाड्यावरच्या एखाद्या आजीला सोबत घ्या, पानाचा तुकडा बघून नाव सांगेल. आणि नॅशनल पार्क आहे, झाडांना नंबरचे बिल्ले ठोकणं सोडा, प्लॉट आखायला पण वनखात्याची परवानगी लागेल.
ऐरोलीतच राहताय तर खाडी बघा ना. खारफुटीत तिवरच तिवर. चिपी, कांदळ या खारफुटीच्याच दुसऱ्या जाती शोधाव्या लागतात. तिवर खूप खारं पाणी सोसतं, गाळ साचला तशी पसरली, वरून बघणारा म्हणेल काय मस्त हिरवीगार खाडी.

खाडीकाठचा:
डोकं गरगरलं पण कळलं. मोजायचं कुठे, बुंध्याशी?

अंजन_पिसा:
छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.3 मीटर. साधा शिंप्याचा टेप चालतो, घेर मोजा आणि 3.14 ने भागा, की जाडी मिळते. दरवेळी त्याच जागी मोजायचं, नाहीतर झाड बारीक झालेलं दिसेल :)

खाडीकाठचा:
परवानगीचं नंतर बघू म्हणून आज सोसायटीतच सराव केला, वॉचमन मागे मागे फिरत होता की झाड तोडताय का साहेब. एकूण 19 झाडं. 7 गुलमोहर, 6 सोनमोहर, 4 रेन ट्री, 1 आंबा. आणि 1 उंबर, तो कोणी लावलेला नाही, पाण्याच्या टाकीच्या भिंतीतून आपला आपण आलाय आणि पुढच्या मीटिंगमध्ये तोच काढायचा विषय आहे.